मोक्षपट : नेवाशाची ज्ञानेश्वर-परंपरा, उपलब्ध पुरावे आणि भुयारी संगणक-खेळांपर्यंतचा पटखेळांचा प्रवास

प्रस्तावना

राजकीय घडामोडी, शासनव्यवस्था आणि अर्थकारण या विषयांच्या तुलनेत मनोरंजनाचा इतिहास मराठी इतिहासलेखनात दीर्घकाळ उपेक्षित राहिला. खेळ हा फावल्या वेळाचा विषय समजला गेल्याने त्याची साधनेही जपली गेली नाहीत. वस्तुतः कोणताही समाज ज्या नियमांनी खेळतो, त्या नियमांत त्याच्या नीतिकल्पनांचे, भयांचे आणि आशांचे प्रतिबिंब पडलेले असते. या दृष्टीने पाहता ‘मोक्षपट’ हा खेळ महाराष्ट्राच्या, आणि विशेषतः अहमदनगर जिल्ह्याच्या, सांस्कृतिक इतिहासात महत्त्वाचा ठरतो. इ. स. २०२४ मध्ये या जिल्ह्याचे अहिल्यानगर असे अधिकृत नामांतर झाले. ज्या संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी मोक्षपट जोडला जातो, त्यांचा प्रमुख ग्रंथ याच जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झाला.

आज महाविद्यालयीन तरुण संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर जे खेळ खेळतात, त्यांत आळीपाळीने चाली करून अंधाऱ्या भुयारांतून वाट काढावयाची, राक्षसांशी लढावयाचे आणि खजिना हस्तगत करावयाचा, असा एक लोकप्रिय प्रकार आहे. हे खेळ संपूर्णपणे पाश्चात्त्य आणि आधुनिक आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. याउलट, सापशिडी हा खेळ ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात शोधून काढला, हे विधान वृत्तपत्रे, प्रदर्शने आणि समाजमाध्यमे यांतून निर्विवाद सत्य म्हणून मांडले जाते. या दोन्ही समजांची पुराव्याच्या आधारे तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. मोक्षपटाच्या ज्ञानेश्वरकृत उगमाविषयीच्या परंपरेची चिकित्सा करणे.
२. उपलब्ध पटांच्या आधारे खेळाचा कालखंड व स्वरूप निश्चित करणे.
३. मोक्षपट, युरोपीय पटखेळ आणि आधुनिक भुयारी खेळ यांतील साम्य-भेद स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. साधनांची समकालीन पुरावा, उत्तरकालीन पुरावा आणि मौखिक परंपरा अशी तीन स्तरांत विभागणी केली असून, एका स्तरावरील साधनाला दुसऱ्या स्तराचे वजन दिले जाणार नाही, ही दक्षता घेतली आहे.

नेवासे आणि तेराव्या शतकाची पार्श्वभूमी

प्रवरा नदीच्या काठी वसलेले नेवासे हे अतिप्राचीन वसतिस्थान आहे. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली इ. स. १९५४ ते १९५६ या काळात येथे झालेल्या उत्खननाने या स्थळाचा इतिहास अश्मयुगापर्यंत मागे नेला. मराठी मनात मात्र नेवासे वसले आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. ग्रंथाच्या समाप्तीच्या ओव्यांत शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, असा काळ नमूद असून यादव राजा रामचंद्र आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांचाही उल्लेख येतो. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केले असे मानले जाते, तो ‘पैस’ खांब आजही तेथे आहे. दुर्गा भागवत यांच्या इ. स. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ललितलेखसंग्रहाचे ‘पैस’ हे नाव त्यावरूनच आले.

या काळात पटखेळ प्रचलित होते काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या क्रीडांचे विस्तृत वर्णन असून त्यात चतुरंग, फासे आणि कवड्या यांच्या खेळांचा समावेश आहे. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या पूर्वायुष्यातील द्यूताची हकीकत येते. म्हणजे पट, सोंगट्या, फासे व कवड्या ही साधने तेराव्या शतकातील दख्खनमध्ये परिचित होती. परंतु साधने उपलब्ध असणे आणि विशिष्ट खेळ अस्तित्वात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरात सूत व माग आहे, एवढ्यावरून पैठणी विणली गेली असे सिद्ध होत नाही.

परंपरेचे स्वरूप

प्रचलित परंपरेनुसार निवृत्तिनाथ व ज्ञानेश्वर भिक्षेसाठी बाहेर पडत, तेव्हा सोपान आणि मुक्ताई या धाकट्या भावंडांचे मन रमावे आणि त्याबरोबरच त्यांना परमार्थाचे शिक्षण मिळावे, या हेतूने मोक्षपट तयार करण्यात आला. पुण्यातील हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातील मोक्षपटांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, तेव्हापासून या कथेला विशेष प्रसिद्धी मिळाली. या पटांवर ५० घरे असून पहिले घर जन्माचे, तर शेवटचे मोक्षाचे आहे.

या परंपरेच्या संदर्भात तीन अडचणी उद्भवतात. पहिली अडचण अशी की, तेराव्या शतकातील एकही मोक्षपट आज उपलब्ध नाही. दुसरी अडचण ग्रंथकर्तृत्वाची आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावरील स्फुट रचना कोणत्या काळातील व कोणाच्या, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ‘सुधारका’त लिहिल्या गेलेल्या लेखांपासून सुरू आहे. ज्ञानेश्वर नावाच्या दोन व्यक्ती होऊन गेल्या, हे त्या लेखांतील प्रतिपादन पुढे सर्वमान्य झाले नाही. मात्र ज्ञानेश्वरी आणि अभंग यांना एकाच मापाने मोजता येत नाही, ही जाणीव त्या वादाने निर्माण केली. तेव्हा एखाद्या अभंगातील खेळाच्या उल्लेखावरून खेळाचा काळ ठरविणे धोक्याचे आहे. तिसरी अडचण तुलनेतून पुढे येते. तिबेटमध्ये मुक्तीच्या मार्गावरील अशाच एका पटखेळाचे जनकत्व साक्य पंडित या महान बौद्ध आचार्यांकडे दिले जाते. त्यांचा काळ इ. स. ११८२ ते १२५१ हा होय. दोन दूरच्या प्रदेशांत एकाच जातीचा खेळ जवळपास एकाच शतकातील दोन पूजनीय पुरुषांच्या नावे लावला जावा, यावरून धार्मिक खेळाला थोर पुरुषाचे पितृत्व देण्याची प्रवृत्ती व्यापक होती, असे दिसते.

यावर असा आक्षेप संभवतो की, कापडावर किंवा कागदावर काढलेला पट सातशे वर्षे टिकणारच कसा? हा आक्षेप योग्य आहे. प्रत्यक्ष ज्ञानेश्वरीच्या पाठातही तीन शतकांत इतके अपपाठ शिरले होते की, संत एकनाथांना शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४, मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. जेथे ग्रंथाची ही अवस्था, तेथे रोज हाताळल्या जाणाऱ्या पटाची काय कथा! तथापि पुरावा नष्ट झाला असण्याची शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. पट न मिळाल्याने परंपरा खोटी ठरत नाही, तसेच पट टिकला नसेल या तर्काने ती खरीही ठरत नाही.

उपलब्ध पट व त्यांचा कालखंड

उत्तर व पश्चिम भारतात हा खेळ ‘ज्ञान चौपड’ या नावाने ओळखला जात असे. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी इ. स. १९८५ पासून या पटांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून जैन, वैष्णव आणि सूफी अशा तीन प्रमुख परंपरा पुढे आल्या. जैन पटांत बहुधा ८४, तर वैष्णव पटांत बहुधा ७२ घरे असतात. सूफी पटांतील घरांची संख्या शंभराच्या आसपास असते. एकच आराखडा तीन धर्मपरंपरांनी आपापल्या तत्त्वज्ञानानुसार भरून घेतला, ही बाब लक्षणीय आहे.

जे पट आज काळासह ओळखता येतात, ते मुख्यतः अठराव्या शतकातील व त्यानंतरचे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रिचर्ड जॉन्सन याच्या संग्रहातील ७२ घरांचा वैष्णव पट इ. स. १७८० ते १७८२ च्या सुमाराचा असून तो ब्रिटिश ग्रंथालयात आहे. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला मेजर हेन्री डंडास रॉबर्टसन याने इ. स. १८३१ मध्ये असाच एक पट भेट दिला. शास्त्र्यांचा स्वर्ग-नरकाचा खेळ, अशा अर्थाचे त्याचे वर्णन तेथील नोंदीत आढळते. पेशवाईच्या अस्तानंतर हाच रॉबर्टसन पुण्याचा कलेक्टर होता. दात्याने पुण्यात अधिकारपद भूषविले, एवढ्यावरून पट पुण्याचाच असे म्हणता येणार नाही. परंतु असे पट त्या पिढीतील इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस पडत होते, एवढे निश्चित. इ. स. २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसन यांनी या खेळावर सादर केलेला प्रबंधही पश्चिम भारतातील अठराव्या व विसाव्या शतकांवर केंद्रित आहे. सारांश, साधनांच्या बळावर या खेळाचा इतिहास अठराव्या शतकापासून खात्रीने सांगता येतो.

परंपरा ज्ञानेश्वरांपाशीच का पोहोचली?

परंपरेची ऐतिहासिकता सिद्ध न झाली तरी ती निरर्थक ठरत नाही. ती विशिष्ट व्यक्तीभोवतीच का गुंफली गेली, हा इतिहासाचा रास्त प्रश्न आहे. या संदर्भात तीन कारणे संभवतात.

पहिले कारण भावंडांच्या नावांत आहे. निवृत्ती, ज्ञान, सोपान आणि मुक्ती हा क्रम म्हणजे जणू मोक्षपटाचीच अनुक्रमणिका होय. सोपान म्हणजे पायरी, शिडी. विषयांपासून निवृत्ती, त्यातून ज्ञान, ज्ञानाच्या सोपानावरून मुक्ती, हा अर्थ ज्या नावांत आधीच भरलेला आहे, त्या घरी हा खेळ जन्मला असे समाजाला वाटणे स्वाभाविक होते.

दुसरे कारण ज्ञानेश्वरीच्या आशयात आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांचा आणि सोळाव्या अध्यायातील दैवी व आसुरी संपत्तीचा ज्ञानेश्वरांनी केलेला विस्तार प्रसिद्ध आहे. मूळ गीतेत दैवी संपत्तीचे २६ गुण, तर आसुरी संपत्तीचे ६ दोष सांगितले असून काम, क्रोध व लोभ यांना नरकाची तीन द्वारे म्हटले आहे. गुणदोषांची अशी मोजकी, नाव असलेली आणि क्रमवार यादी पटावरील घरांत उतरविण्यास अत्यंत सोयीची आहे. म्हणजे पट नेवाशास तयार झाला असे म्हणता येत नसले, तरी पटावरील नैतिक नकाशाचा मराठीतील सर्वांत समृद्ध आविष्कार नेवाशास झाला, असे निश्चित म्हणता येते.

तिसरे कारण वारकरी संतांच्या खेळविषयक दृष्टीत आहे. एकनाथांनी व तुकारामांनी फुगडी, हमामा, हुतुतू यांसारख्या खेळांना रूपक बनवून परमार्थ सांगितला. खेळ हे लोकशिक्षणाचे साधन आहे, हा संस्कार या परंपरेत दृढ होता. मोक्षपटाची कथा त्या संस्काराशी पूर्णतः सुसंगत आहे.

येथे एक भेदही ध्यानात घ्यावा लागतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन नागिणीच्या रूपाने आले असून ती जागृत होऊन वर चढते. मोक्षपटावरील साप मात्र खेळाडूला गिळून खाली उतरवितो. एकात सर्प हा ऊर्ध्वगतीचे, तर दुसऱ्यात अधोगतीचे साधन आहे. परंपरेचे समर्थक व टीकाकार या दोघांनीही या प्रतिमाभेदाचा विचार करणे आवश्यक आहे.

पटाची रचना : कवडी, साप आणि शिडी

मोक्षपटातील गती पूर्णतः कवड्यांच्या अथवा फाशांच्या दानावर अवलंबून असते. खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य नाही. कर्मसिद्धांत शिकविणारा खेळ निव्वळ योगायोगावर का चालावा, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. खेळणाऱ्या समाजाच्या दृष्टीने दान हे योगायोगाचे नव्हे, तर प्रारब्धाचे रूप होते, असे मानल्यास हा विरोध मावळतो. खेळाडू चाल निवडत नाही. तो ज्या घरात पडतो त्या घराचे नाव वाचतो, उच्चारतो आणि फळ भोगतो. शिक्षण त्या वाचनात आहे. ७२ घरांच्या प्रसिद्ध वैष्णव पटात वैकुंठ ६८ व्या घरात असून ते ओलांडून पुढे गेलेला खेळाडू ७२ व्या घरातील सापाच्या तोंडी सापडून पुन्हा पृथ्वीवर येतो. शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे म्हणजे मुक्ती नव्हे, हे त्यातून सूचित होते. शर्यतीचा आणि मोक्षाचा हिशेब वेगळा आहे.

युरोपातील समांतर प्रवाह

याच सुमारास युरोपातही मार्गक्रमणाचे पटखेळ रूढ झाले होते. ‘हंसाचा खेळ’ म्हणून ओळखला जाणारा ६३ घरांचा पट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लॉरेन्सच्या फ्रान्सेस्को मेदिचीने स्पेनचा राजा दुसरा फिलिप यास भेट दिला होता. या पटावर पूल, धर्मशाळा, विहीर, चक्रव्यूह, तुरुंग आणि ५८ व्या घरात मृत्यू अशी संकटस्थाने असतात. मृत्यूच्या घरात पडणारा खेळाडू पुन्हा आरंभी जातो. भुयारी खेळांतील संकटांची वर्णमाला येथेच आढळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय ज्ञान चौपड इंग्लंडला पोहोचली. इ. स. १८९२ मध्ये तेथे सापशिडीचा इंग्रजी अवतार बाजारात आला. त्यात काम, क्रोध, लोभ यांच्या जागी आळस, अवज्ञा यांसारखे बालसुलभ दोष आले आणि मोक्षाच्या जागी यश व समृद्धी आली. इ. स. १९४३ मध्ये अमेरिकेतील मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून टाकून घसरगुंडी आणली. याच कंपनीच्या संस्थापकाने इ. स. १८६० मध्ये जीवनप्रवासावरील एक नीतिपर खेळ प्रसिद्ध केला होता. फाशांचा संबंध जुगाराशी असल्याने त्यात फाशांऐवजी भिरभिरे वापरले होते. कवडीला प्रारब्ध मानणारी भारतीय दृष्टी आणि फाशाला पाप मानणारी ही दृष्टी यांतील अंतर उद्बोधक आहे.

भुयारी खेळांचा उदय

इ. स. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. युद्धपटांच्या नियमांना अद्भुतकथेची जोड देऊन त्यांनी खेळाडूला एका पात्राची भूमिका बहाल केली. इ. स. १९७५ मध्ये ‘डंजन!’ हा त्याच धर्तीचा पटखेळ आला. इ. स. १९८० मधील ‘रोग’ आणि इ. स. १९८१ मधील ‘विझार्ड्री’ यांनी हे भुयार संगणकात नेले. ‘रोग’मध्ये प्रत्येक वेळी भुयाराची रचना नव्याने घडते आणि पात्र मेले की खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. इ. स. १९८९ मध्ये मिल्टन ब्रॅडलीनेच ‘हीरोक्वेस्ट’ हा भुयारी पटखेळ बाजारात आणला आणि इ. स. १९९१ मध्ये त्याची संगणकीय आवृत्ती निघाली. म्हणजे सापशिडीची अमेरिकी आवृत्ती विकणाऱ्या कंपनीनेच भुयारी पटखेळ घरोघर पोहोचविला. यावरून मोक्षपट हा भुयारी खेळांचा थेट पूर्वज आहे, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. त्यांचा थेट वंश युद्धपटांकडे व अद्भुतकथांकडे जातो. साम्य आहे ते रचनेचे.

हे साम्य चार बाबतींत दिसते. दोन्हींत खेळाडू आळीपाळीने चाल करतो, दोन्हींत घरांनी वा दालनांनी बनलेले स्तर पार करावयाचे असतात, दोन्हींत फाशाची सत्ता चालते आणि दोन्हींत अधःपतन हा खेळाचा अविभाज्य भाग असतो. भेद मूल्यांचा आहे. मोक्षपटात खेळाडू वर चढतो, भुयारी खेळात बहुधा खाली उतरतो. मोक्षपटातील शत्रू खेळाडूच्या अंतरंगात आहेत. भुयारातील राक्षस बाहेर आहेत. मोक्षपटात काहीही सोबत नेता येत नाही. भुयारात शस्त्रे, कवच व सुवर्ण यांचा संचय हीच प्रगती मानली जाते. दुसरीकडे, मोक्षपटात नसलेले निवडीचे व नियोजनाचे स्वातंत्र्य भुयारी खेळांत आहे, आणि तरुण पिढीला त्यांचे आकर्षण वाटण्याचे ते एक प्रमुख कारण होय. तेव्हा एकाला सात्त्विक व दुसऱ्याला विकृत ठरविणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. कोणता समाज विजय कशाला म्हणतो, हे त्या खेळांतून वाचणे हे त्याचे काम आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मोक्षपटाचे ज्ञानेश्वरकृत जनकत्व ही श्रद्धेय परंपरा आहे. समकालीन पुराव्याने ती सिद्ध होत नाही. तिचा उल्लेख ‘परंपरेनुसार’ या शब्दासहच व्हावा.
२. खेळाचा साधनाधारित इतिहास मुख्यतः अठराव्या शतकापासून उपलब्ध असून तो जैन, वैष्णव व सूफी या तीनही परंपरांचा समान वारसा आहे.
३. नेवाशाचा या खेळाशी असलेला खात्रीचा संबंध वैचारिक आहे. गुणदोषांचा जो नकाशा पटावर आढळतो, त्याचे मराठीतील सर्वश्रेष्ठ निरूपण येथे झाले.
४. मोक्षपट व भुयारी संगणक-खेळ यांत वंशसंबंध नसून रचनासाम्य आहे.

या निष्कर्षांना व्यावहारिक महत्त्वही आहे. खेळ तेराव्या शतकाचा आहे हे एकदा गृहीत धरले, की आजोबांच्या पेटीतील शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा पट ‘अलीकडचा’ म्हणून दुर्लक्षिला जातो आणि जुन्या कागदांबरोबर रद्दीत जातो. वास्तविक पुरावा आहे तो त्याच पटात. नेवासे, शेवगाव, पाथर्डी, श्रीरामपूर या तालुक्यांतील जुनी घराणी, मठ व जैन मंदिरे येथे असे पट असल्यास त्यांची छायाचित्रे, घरांची नावे, मापे आणि मालकी-परंपरा यांची नोंद करणे हे इतिहास व मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे काम आहे. नगर येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेच्या सहकार्याने अशी सूची तयार झाली, तर मोक्षपटाच्या मराठी परंपरेचा काळ पुराव्यानिशी मागे नेता येईल किंवा तो आहे तेथेच स्थिर होईल. दोन्ही स्थितींत ज्ञानेश्वरांच्या थोरवीला बाध येत नाही. त्यांचे मोठेपण एखाद्या खेळाच्या शोधावर अवलंबून नाही. खेळाचा इतिहास मात्र त्या पटांवर अवलंबून आहे आणि ते पट दिवसेंदिवस जीर्ण होत आहेत.